जुनं आउटबोर्ड घेण्यापूर्वी कॉम्प्रेशन कसं तपासायचं: पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

जुनं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, विकायला निघालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "कॉम्प्रेशन एकदम चांगलं आहे." ते कोणी मोजलं, इंजिन थंड होतं की गरम, प्रत्येक सिलिंडरचा आकडा किती आला, हे विचारलं की उत्तर गुळमुळीत होतं. नव्याने घेणाऱ्याला पुढे काय विचारावं ते सुचत नाही आणि तो वरचा रंग, झाकणाची चमक आणि सुरू होतानाचा आवाज यांवर भरवसा ठेवून पैसे देतो. आउटबोर्डच्या बाबतीत हे फार महागात पडू शकतं. पंप, कार्ब्युरेटर, वायरिंग यांची दुरुस्ती आवाक्यातली असते. सिलिंडर आणि पिस्टन गेलेले असतील, तर दुरुस्तीचा खर्च इंजिनाच्या किमतीच्या वर सहज जातो.

ही चाचणी तुम्ही स्वतः करू शकता. त्यासाठी मेकॅनिक असावं लागत नाही. मात्र ती नीट क्रमाने करावी लागते, कारण अर्धवट केलेली चाचणी चांगल्या इंजिनाला वाईट ठरवते आणि कधी कधी वाईट इंजिनाला चांगलं.

पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा दाबली जाते. ती हवा पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या कडेने, हेड गॅस्केटमधून (सिलिंडर आणि ते बंद करणारं हेड यांच्यामधलं सील) किंवा फोर-स्ट्रोक असेल तर वाल्वमधून निसटत असेल, तर दाब कमी भरतो. स्पार्क प्लगच्या जागी गेज लावून इंजिन फिरवलं की तो दाब, म्हणजेच कॉम्प्रेशन, आकड्यात कळतो. आकडा बहुतेक ठिकाणी पीएसआयमध्ये बोलला जातो. १०० पीएसआय म्हणजे साधारण ६.९ बार किंवा चौरस सेंटीमीटरला ७ किलो. गेजवर दोन पट्ट्या असतात, त्यातली एकच शेवटपर्यंत वाचा.

१. आधी हे सामान जमवा

- आटे असलेलं, म्हणजे प्लगच्या जागी फिरवून बसणारं कॉम्प्रेशन गेज. रबरी टोक हाताने दाबून धरायचं गेज नको. हात जरा हलला की दाब निसटतो आणि आकडा बदलतो.
- योग्य मापाचा अडॅप्टर. बहुतेक आउटबोर्डचे प्लग १४ मिलिमीटरचे असतात, काही फोर-स्ट्रोक इंजिनांत १२ किंवा १० मिलिमीटरचे मिळतात.
- प्लग पाना, एक्स्टेन्शन आणि साधे पाने.
- स्पार्कच्या वायरी अर्थ करायला दोन-तीन क्लिपा लावलेल्या वायरी.
- पूर्ण चार्ज केलेली बॅटरी आणि जंप केबल. विक्रेत्याच्या बॅटरीवर विसंबू नका.
- पाण्याच्या नळीला जोडायचे मफ (इंजिनात पाणी घेणाऱ्या भोकांवर बसवायच्या रबरी वाट्या), किंवा इंजिनाचा पाय, म्हणजे पाण्यात राहणारा खालचा भाग, बुडेल एवढा ड्रम.
- थोडं इंजिन ऑइल आणि ते मोजून घालायला सुई काढलेली सिरिंज.
- टॉर्च, फडकं, हातमोजे, चष्मा, जाड ब्रश.
- वही आणि पेन.
- जमल्यास मोबाईलला जोडायचा बोरस्कोप, म्हणजे लांब वायरीच्या टोकावरचा बारीक कॅमेरा. आता हे कॅमेरे सहज मिळतात आणि आउटबोर्ड बघताना फार उपयोगी पडतात.

गेजबद्दल एक बारकी गोष्ट. लांब नळीच्या गेजमध्ये हवा अडवणारा छोटा वाल्व असतो. तो नळीच्या सिलिंडरकडच्या टोकाला असला पाहिजे. तो गेजकडे असेल तर अख्ख्या नळीतली जागा सिलिंडरच्या जागेत मिसळते आणि आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो. छोट्या इंजिनात हा फरक बराच मोठा दिसतो. हा वाल्व बदलायची वेळ आली तर त्या जागी टायरचा वाल्व बसवू नका. दिसायला तो सारखाच असतो, पण त्याची स्प्रिंग कडक असते आणि त्यामुळेही आकडा पडतो.

अडॅप्टरची लांबीही बघा. तो मूळ प्लगच्या आट्यांपेक्षा लांब असेल तर पिस्टनला लागू शकतो. काढलेला प्लग आणि अडॅप्टर शेजारी धरून एकदा नजर टाकली की पुरे.

२. निघण्यापूर्वी विचारायच्या गोष्टी

मॉडेल नंबर आणि शक्य असेल तर सिरियल नंबर मागून घ्या. त्यावरून इंजिन टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक, कोणत्या सालचं आहे आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये कॉम्प्रेशनचा आकडा दिला आहे का, हे घरी बसून शोधता येतं. कंपनीचा आकडा हाताशी असेल तर पुढचा अर्धा गोंधळ टळतो. एकच सिलिंडर असलेल्या छोट्या इंजिनासाठी तर तो लागतोच, कारण तिथे तुलना करायला दुसरा सिलिंडर नसतो.

सुटे भाग मिळतात का, तेही याच वेळी बघून घ्या. उदाहरणार्थ, एव्हिनरूड इंजिनांचं उत्पादन २०२० मध्ये बंद झालं. त्यांची जुनी इंजिनं अजून चालतात, पण घेण्यापूर्वी तुमच्या भागात पार्ट आणि जाणता मेकॅनिक मिळेल याची खात्री करा.

विक्रेत्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगा: मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका, आणि मी प्लग काढून कॉम्प्रेशन मोजणार आहे. प्लग काढायला जो नकार देतो, त्याच्याकडे जाण्यात वेळ घालवू नका. इंजिन चांगलं असेल तर प्लग काढून दाखवण्यात त्याचं काही जात नाही.

३. झाकण उघडून आधी नुसतं बघा

पोचल्यावर आधी झाकणाखालच्या ब्लॉकला हात लावा. तो कोमट लागला तर तुम्ही येण्याआधी इंजिन चालवलेलं आहे. थंड इंजिन सुरू होताना देत असलेला त्रास लपवायला हे करतात.

मग टॉर्च घेऊन हेडकडे बघा. रंग करपलेला, फुगलेला किंवा एकाच सिलिंडरजवळ बदललेला असेल तर इंजिन कधीतरी तापलेलं आहे. हेडच्या बोल्टांवरचा रंग तुटलेला दिसला तर हेड उघडलं गेलं आहे. ते उघडणं वाईट असतंच असं नाही, पण का उघडलं आणि काय बदललं हे विचारा आणि पावती मागा. फ्लायव्हीलच्या आसपास खोबणीत चिखल किंवा बारीक वाळू अडकलेली असेल, वायरींच्या जोडांवर हिरवट थर असेल, तर इंजिन पाण्यात बुडालं होतं का, असा थेट प्रश्न करा. बुडालेल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन चांगलं येऊ शकतं आणि तरी त्याच्या बेअरिंगांना आतून गंज धरलेला असू शकतो.

४. थंड इंजिन सुरू करा आणि गरम होऊ द्या

इंजिन कोरडं कधीही चालवू नका. पाण्याच्या पंपाचा इम्पेलर रबराचा असतो आणि पाण्याविना तो बघता बघता जळतो. मफ लावून पाणी सोडा, किंवा पाय ड्रममध्ये बुडवा, मगच चावी फिरवा. मफ लावले असतील तर पंख्यापासून (प्रोपेलरपासून) सगळ्यांना लांब ठेवा, गिअर न्यूट्रलमध्येच राहू द्या आणि रेस वाढवू नका.

इंजिनाच्या मागच्या बाजूने पाण्याची बारीक धार येते तिच्याकडे लक्ष ठेवा. ती आली नाही, तर लगेच बंद करा. ती येत असेल तर पाच-दहा मिनिटं चालू देऊन इंजिन गरम करा. गरम धातू फुगतो, रिंगा नीट टेकतात, तेल सगळीकडे पोचतं आणि आकडे खऱ्या वापराच्या जवळचे येतात.

इंजिन सुरूच होत नसेल तर चाचणी थंडच करावी लागेल. चालेल. फक्त सगळे सिलिंडर त्याच अवस्थेत मोजा आणि वहीत 'थंड' असं लिहा, म्हणजे मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडताना थोडी सूट धरता येईल.

५. प्लग काढा, आणि प्लग वाचा

इंजिन बंद केल्यावर थोडं निवू द्या. हेड ॲल्युमिनियमचं असतं. खूप गरम असताना प्लग ओढून काढला तर आटे खराब होण्याची भीती असते. काढण्याआधी प्लगभोवतीचं मीठ, वाळू, सुटलेला रंग ब्रशने झाडा, नाहीतर तो कचरा थेट सिलिंडरमध्ये पडतो. प्लग अडला तर जोर लावू नका. थोडं गंजनाशक तेल सोडा, जरा वेळ थांबा आणि पुढे-मागे हलवत काढा. तरीही निघत नसेल तर विक्रेत्यालाच काढायला सांगा. दुसऱ्याच्या इंजिनाचे आटे तुमच्या हातून जायला नकोत.

सगळे प्लग काढा. एकच काढून मोजलं तर बाकीचे सिलिंडर इंजिनाला अडवतात, ते हळू फिरतं आणि आकडा कमी येतो.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने फडक्यावर मांडा. सिलिंडर एकाखाली एक असलेल्या इंजिनात सर्वांत वरच्याला १ नंबर देतात. आता प्रत्येक प्लगचं टोक नीट बघा. तपकिरी रंग असेल तर ठीक. काळं आणि तेलकट असेल तर मिश्रणात तेल किंवा इंधन जास्त आहे, किंवा तो सिलिंडर नीट जळत नाही. टू-स्ट्रोकमध्ये जरा तेलकटपणा चालतो. पांढरं, भाजल्यासारखं, फोड आलेलं टोक म्हणजे इंजिन तापलं आहे किंवा इंधन कमी पडत आहे. त्या टोकावर चमकणारे बारीक ॲल्युमिनियमचे कण दिसले तर ते पिस्टनचे आहेत. हे दिसल्यावर मी पुढे भावाची बोलणी करत नाही.

सगळे प्लग काळपट आणि त्यांतला एकच वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जात असण्याची दाट शक्यता आहे. नवशिक्याला तोच प्लग सर्वांत चांगला वाटतो. अगदी कोरे करकरीत प्लग असतील तर जुने कुठे आहेत ते विचारा.

६. स्पार्क आणि इंधन बंद करा

ही पायरी कोणत्याही घाईत गाळू नका. प्लगच्या भोकांतून इंधनाची वाफ बाहेर फेकली जाते आणि शेजारी मोकळी स्पार्कची वायर असेल तर ठिणगीने आग लागू शकते. शिवाय मोकळ्या सोडलेल्या वायरींमुळे काही इंजिनांच्या इग्निशनचा इलेक्ट्रॉनिक भाग जळतो.

किल स्विचची (इंजिन तातडीने बंद करायच्या बटणाची) क्लिप काढा. प्रत्येक वायर क्लिपने ब्लॉकच्या उघड्या धातूला जोडून अर्थ करा. इंधनाची नळी टाकीपासून सोडवा. इंजेक्शनच्या इंजिनात प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर सोडवा. क्लिप काढल्यावर स्टार्टरच फिरत नसेल तर क्लिप परत लावून याच मार्गाने जा. आसपास सिगारेट, शेगडी काही नको. इंजिन फिरत असताना प्लगच्या भोकांसमोर चेहरा नेऊ नका.

७. थ्रॉटल पूर्ण उघडा

बहुतेक चुकीचे आकडे इथे तयार होतात. थ्रॉटल बंद असेल तर सिलिंडरमध्ये पुरेशी हवाच जात नाही, मग दाब कुठून येणार? अडचण अशी की पुष्कळ आउटबोर्ड न्यूट्रलमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडूच देत नाहीत आणि गिअरमध्ये असताना सुरू होऊ देत नाहीत. हँडल फिरवून "उघडलं" असं समजू नका. झाकणाखाली कार्ब्युरेटर किंवा थ्रॉटल बॉडीवर जी फिरणारी दांडी असते, ती हाताने शेवटपर्यंत नेऊन धरा आणि आतली चकती हवेच्या वाटेला समांतर होऊन वाट खरोखर पूर्ण मोकळी झाली का ते टॉर्चने बघा. चोक पूर्ण उघडा असू द्या. यासाठी दुसरा माणूस सोबत असला तर बरं.

८. गेज लावा आणि इंजिन फिरवा

गेज हाताने घट्ट बसवा, काटा शून्यावर आणा. स्टार्टर दाबा आणि काटा चढणं थांबेपर्यंत फिरवा. चांगल्या इंजिनात साधारण ४ ते ६ दाबांत (पिस्टन एकदा हवा दाबतो तो एक दाब) काटा स्थिर होतो. पहिल्या सिलिंडरला जितके दाब दिले, तितकेच बाकीच्यांना द्या. दोर ओढून सुरू होणारं इंजिन असेल तर दोर पूर्ण लांबीने आणि एकसारख्या जोराने ओढा. काटा वाढायचा थांबेपर्यंत ओढत राहा. हळू ओढलं तर आकडा पडतो.

स्टार्टर एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका, मध्ये त्याला थंड होऊ द्या. पाय पाण्यातच असू द्या किंवा मफचं पाणी सुरू ठेवा.

काटा चढतो कसा, हेही बघा. निरोगी सिलिंडरमध्ये पहिल्याच दाबाला तो मोठी उडी मारतो आणि मग भराभर वर जाऊन थांबतो. रिंगा झिजलेल्या असतील तर पहिली उडी छोटी असते आणि काटा हळूहळू वर सरकत राहतो. फोर-स्ट्रोकमध्ये वाल्व गळत असेल तर तो खालीच राहतो, कितीही फिरवलं तरी फारसा चढत नाही.

प्रत्येक सिलिंडर दोनदा मोजा आणि आकडे लगेच लिहा. सगळे झाले की पहिला सिलिंडर पुन्हा एकदा मोजा. तो आधीपेक्षा बराच कमी आला तर मधल्या वेळात बॅटरी उतरली आहे, आणि शेवटच्या सिलिंडरांचे आकडेही त्यामुळे पडले असतील.

९. आकड्यांचा अर्थ

टू-स्ट्रोक आउटबोर्डमध्ये साधारण ९० ते १३० पीएसआय हा पट्टा नेहमी दिसतो. फोर-स्ट्रोकमध्ये आकडे वर असतात, १५० ते २०० च्या आसपास. मॉडेलनुसार यात मोठा फरक पडतो, म्हणून मॅन्युअलचा आकडा असेल तर तोच प्रमाण धरा.

पण विकत घेताना एकट्या आकड्यापेक्षा आकड्यांमधला फरक जास्त बोलतो. गेज थोडं चुकत असेल, बॅटरी जरा कमजोर असेल, तरी त्याचा परिणाम सगळ्या सिलिंडरांवर सारखाच होतो. एकच सिलिंडर मागे पडला तर तो दोष त्या सिलिंडरचाच. सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा आकडा यांतला फरक मोठ्या आकड्याच्या १० टक्क्यांच्या आत असावा. १५ टक्क्यांच्या पलीकडे गेला तर काहीतरी बिघडलेलं आहे असंच धरा.

काही उदाहरणं घेऊ.

तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक: ११८, ११५, १२०. फरक ५ पीएसआयचा. या बाबतीत इंजिन चांगलं.

तेच इंजिन: १२०, ११८, ८५. तिसरा सिलिंडर २९ टक्के खाली. "एवढं काय, चालतंय की" असं विक्रेता म्हणेल, आणि खरंच ते चालतही असेल. तीनपैकी दोन सिलिंडरांवर इंजिन सुरू होतं, मफवर छान आवाजही करतं. बोटीवर वजन घेऊन निघालं की ताकद कमी पडते, आणि जे काही बिघडलं आहे ते वाढत जातं. रिंग अडकली असेल, सिलिंडरला ओरखडे असतील किंवा पिस्टन फुटला असेल. काजळीने अडकलेली रिंग कधी कधी क्लीनरने सुटते. त्या आशेवर पैसे मोजू नका. भाव ठरवताना पिस्टन गेला आहे असंच धरा.

९८, ९६, ९७. एकसारखे, पण खालच्या बाजूला. इथे घाईने निकाल देऊ नका. थ्रॉटल खरंच उघडा होता का, बॅटरी कशी होती, अडॅप्टर कोणता होता, हे पुन्हा तपासा. काही इंजिनांचा मूळ आकडाच एवढा असतो. उंचावरच्या ठिकाणी हवाच विरळ असते, समुद्रसपाटीपासून १००० मीटरवर आकडा दहा-बारा टक्क्यांनी कमी येतो. हे सगळं बाजूला केल्यावरही मॅन्युअलपेक्षा बराच कमी असेल, तर इंजिन सगळीकडून सारखंच झिजलेलं आहे.

चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक: १८५, १२०, ११८, १८२. शेजारशेजारचे दोन एकदम पडले आहेत. त्यांच्यामधलं हेड गॅस्केट फुटून एकाचा दाब दुसऱ्यात जात असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

टू-स्ट्रोकमध्ये अपेक्षा १२० ची आणि एका सिलिंडरला १५५? खूश होऊ नका. आत काजळीचा जाड थर बसून जागा कमी झाली आहे, किंवा तेल साचलं आहे.

काही फोर-स्ट्रोक इंजिनांत, विशेषतः दोर ओढून सुरू होणाऱ्या लहान इंजिनांत, दोर हलका जावा म्हणून हळू फिरताना एक वाल्व मुद्दाम थोडा उघडा ठेवणारी यंत्रणा असते. तिथे गेजवर खूप कमी आकडा येतो आणि इंजिन मात्र ठणठणीत असतं. अशा इंजिनाचा आकडा फक्त त्याच्या मॅन्युअलशीच ताडा.

१०. आकडा कमी आला तर तेलाची चाचणी

कमी आलेल्या सिलिंडरमध्ये सिरिंजने चमचाभर, म्हणजे साधारण ५ मिलिलिटर तेल सोडा. दोन-तीन वेळा इंजिन फिरवून ते पसरू द्या आणि पुन्हा मोजा. आकडा चांगलाच चढला तर गळती रिंगांच्या कडेने होती, तेलाने ती तात्पुरती बंद केली. जवळजवळ तेवढाच राहिला तर वाल्व किंवा हेड गॅस्केटकडे बघा. टू-स्ट्रोकमध्ये वाल्व नसतात आणि आत आधीच तेल असतं, त्यामुळे तिथे या चाचणीचा निकाल एवढा स्पष्ट मिळत नाही. पिस्टनला भोक असेल तर मात्र तेल घालूनही आकडा हलत नाही.

बोरस्कोप असेल तर तो आता आत सोडा. सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे, पिस्टनच्या डोक्यावर खड्डे, किंवा बाकीचे पिस्टन काळे आणि एकच धुतल्यासारखा लखलखीत, हे सगळं डोळ्यांनी दिसतं. टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्टच्या बाजूची भिंत नीट बघा. तिथे खाली ओरखडे असले तरी वरच्या भागात दाब पुरेसा भरू शकतो, म्हणून आकडा बरा आला तरी कॅमेरा वगळू नका.

११. फसवणूक कुठे होते

सर्वांत सोपी लबाडी तेलाची. तुम्ही येण्याआधी सिलिंडरमध्ये तेल सोडलं की झिजलेल्या रिंगांचाही आकडा वर जातो. म्हणून इंजिन आधी चालवून घ्या, जास्तीचं तेल धूर होऊन निघून जातं, आणि मगच मोजा. इंजिन चालत नसेल आणि काढलेला प्रत्येक प्लग तेलात भिजलेला असेल, तर त्या आकड्यांना फार किंमत देऊ नका.

विक्रेत्याने पाठवलेला गेजचा फोटो कामाचा नाही. तो कोणत्या सिलिंडरचा आहे, कोणत्या इंजिनाचा आहे, हे फोटोत दिसत नाही. तीन सिलिंडरचे तीन फोटो एकाच सिलिंडरचेही असू शकतात. "मेकॅनिकने तपासलं आहे" असं म्हणत असतील तर मेकॅनिकने लिहून दिलेला कागद मागा, आणि तरी स्वतः मोजा. गेजही स्वतःचंच वापरा.

१२. गेजला जे दिसत नाही

कॉम्प्रेशन उत्तम आलं म्हणजे इंजिन उत्तम आहे, असं होत नाही. क्रँकची बेअरिंगं, टू-स्ट्रोकमधली क्रँककेसची सील, इग्निशन, कार्ब्युरेटर, पाण्याचा पंप, गिअरकेस (पंख्याजवळची गिअरची पेटी), यांबद्दल गेज काहीच सांगत नाही.

गिअरकेसचा खालचा स्क्रू थोडा सैल करून दोन थेंब तेल बोटावर घ्या. दुधाळ असेल तर सील गेले आहेत आणि आत पाणी शिरलं आहे. धातूचे मोठे कण असतील तर गिअर झिजत आहेत. स्क्रू परत घट्ट करायला विसरू नका. पंखा हाताने फिरवून त्याचा दांडा वाकडा फिरतो का बघा. गंजापासून बचावासाठी लावलेले झिंकचे तुकडे पूर्ण संपलेले असतील तर इंजिन खाऱ्या पाण्यात दुर्लक्षित राहिलं आहे. इंजेक्शनचं आधुनिक इंजिन असेल तर किती तास चाललं आहे, हे कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस केंद्रात त्याच्या कॉम्प्युटरमधून वाचून घेता येतं. मोठं इंजिन घेत असाल तर हे जरूर करून घ्या.

आकड्यांबद्दल शंका उरली असेल तर मेकॅनिककडून लीक-डाउन चाचणी करून घ्या. पिस्टन सर्वांत वर आणून सिलिंडरमध्ये बाहेरून दाबाची हवा सोडतात आणि ती कुठून निसटते ते ऐकतात. फोर-स्ट्रोकमध्ये तिचा खरा उपयोग होतो: कार्ब्युरेटरकडून आवाज आला तर इनटेक वाल्व, एक्झॉस्टकडून आला तर एक्झॉस्ट वाल्व, तेल भरायच्या तोंडातून आला तर रिंगा.

१३. कागद, प्लग आणि पैसे

क्लॅम्प ब्रॅकेटवरच्या (इंजिन बोटीला अडकवायच्या पकडीवरच्या) पट्टीचा सिरियल नंबर वाचा आणि खरेदीच्या मूळ पावतीशी ताडा. पट्टी काढलेली किंवा खरवडलेली असेल तर व्यवहार करू नका. काही इंजिनांच्या ब्लॉकवरही एका गोल पत्र्यावर नंबर कोरलेला असतो. दोन्ही नंबर वेगळे असतील तर वरचा भाग बदललेला आहे, त्याचं कारण आणि पावती मागा. मूळ पावती, सर्व्हिसची बिलं, विक्रेत्याचं ओळखपत्र आणि विक्रीचा सही केलेला कागद एवढं हवं. तुमच्याकडे बोटीसोबत इंजिनाचीही नोंद करावी लागत असेल तर तिची कागदपत्रंही मागा. विक्रीच्या कागदावर मॉडेल, सिरियल नंबर आणि आज मोजलेले कॉम्प्रेशनचे आकडे लिहून घ्या.

प्लग परत लावताना आधी हातानेच फिरवा. तिरका बसत असेल तर हाताला लगेच कळतं, पान्याला कळत नाही आणि आटे जातात. वॉशर टेकल्यावर जुना प्लग पान्याने जरासाच आवळा, नवा असेल तर साधारण अर्धा फेरा. अर्थच्या क्लिपा काढा, वायरी आपापल्या सिलिंडरला, इंधनाची नळी जोडा, किल स्विचची क्लिप जागेवर. तेल घातलेला सिलिंडर सुरुवातीला भरपूर धूर देईल, तो थोड्या वेळात थांबायला हवा.

मग शक्य असेल तर इंजिन बोटीवर लावून, वजन घेऊन, पूर्ण थ्रॉटलवर चालवून बघा. कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेल्या आरपीएमच्या पट्ट्यात ते पोचतं का, पाण्याची धार टिकते का, परत आल्यावर ते लगेच सुरू होतं का, हे बघितल्यावरच पैसे द्या. पाण्यावर चालवून दाखवायची सोय नसेल तर तेवढा धोका तुमच्या डोक्यावर येतो. तो भावातून वजा करून घ्या.